रुग्णालयातील दिवस आणि घरातील दिवस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

महागाई, रोजगार, पाणी, जमीन हे आपल्या अभ्यासवर्गांचे नेहमीचे विषय आहेत. त्यांच्या पंक्तीला आज गुडघ्याचा व खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया येऊन बसली, याचे आपणापैकी काहींना नवल वाटले असेल. हे सुखवस्तू माणसांचे दुखणे आहे, असा समज आपल्यातही आहे. तो बरोबर नाही. गुडघा वयाने झिजतो, वजनाने झिजतो, तसाच तो वर्षानुवर्षे उकिडवे बसून आणि ओझी वाहून करावयाच्या कामानेही झिजतो. भातलावणी, खुरपणी, धुणीभांडी, डोक्यावरून पाणी आणणे ही कामे कोणता वर्ग करतो, आणि त्या वर्गातही विशेषेकरून कोण करते, हे मी आपणास सांगावयास नको. गुडघ्याचा झिजेचा संधिवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, ही वैद्यकशास्त्रात सर्वमान्य गोष्ट आहे. तेव्हा दुखणे सर्वांचे आहे. त्यावरचा उपाय मात्र अद्याप सर्वांचा झालेला नाही.

शहरातील चौकाचौकांत हल्ली फलक दिसतात. ‘आज शस्त्रक्रिया, उद्या चालू लागा, परवा घरी जा,’ असे आश्वासन त्यांवर असते. हे आश्वासन सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. योग्य तयारी असेल तर रुग्ण शस्त्रक्रियेच्याच दिवशी उभा राहू शकतो, हे सिद्ध झाले आहे. परंतु ‘परवा घरी’ म्हणजे कोणाच्या घरी? त्या घरात कोण आहे? जिना किती पायऱ्यांचा आहे? शौचालय कसे आहे आणि किती दूर आहे? पुढच्या तीन महिन्यांची मजुरी कोण देणार? फलकावर या प्रश्नांना जागा नसते. आज मला त्याच प्रश्नांबद्दल बोलावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास. आजच्या खुबारोपणाचा पाया जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाने घातला. लँकेशायरमधील रायटिंग्टन येथे १९३३ साली क्षयरोग्यांसाठी सुरू झालेले एक रुग्णालय होते. क्षयाला औषध सापडले, खाटा रिकाम्या होऊ लागल्या, आणि त्याच जागी चार्नलींनी आपली प्रयोगशाळा उभारली. त्यांनी प्रथम वापरलेला टेफ्लॉनचा खळगा दोन-तीन वर्षांतच झिजू लागला आणि शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. १९६२ च्या अखेरीस त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिएथिलीन वापरावयास घेतले, आणि ती पद्धत जगभर गेली. हे सारे १९४८ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या छत्राखाली घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या शस्त्रक्रियेच्या आज बाजारात बोली लागतात, तिचा जन्म सार्वजनिक रुग्णालयात झाला.

त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आठवडेच्या आठवडे रुग्णालयात असे. विश्रांती म्हणजेच उपचार, अशी समजूत होती. पुढे कळून आले की, अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. तरीही रुग्णालयातील मुक्काम हळूहळूच कमी झाला. याचे कारण असे की, मुक्काम किती असावा हे शास्त्रापेक्षा सवयच ठरवीत होती.

या सवयीला पद्धतशीर प्रश्न विचारण्याचे श्रेय डेन्मार्कमधील हेन्रिक केलेट या शल्यविशारदाला व त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. ‘हा रुग्ण आज अजून रुग्णालयात का आहे?’ इतकाच त्यांचा प्रश्न होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांपासून त्यांनी आरंभ केला. पुढे कोपनहेगनच्या व्हिडोव्रे रुग्णालयात हेन्रिक हुस्टेड यांनी तोच प्रश्न सांधेरोपणाच्या रुग्णांविषयी विचारला. उत्तरे अत्यंत साधी निघाली. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी रुग्ण अडकून पडत होते ते मुख्यतः वेदना, चक्कर आणि अशक्तपणा यांमुळे. सुमारे एक-पंचमांश रुग्णांचे घरी जाणे मात्र निव्वळ वाट पाहण्यात लांबत होते. कोणी रक्ताची वाट पाहत होता, कोणी क्ष-किरण छायाचित्राची, तर कोणी व्यायाम सुरू करून देणाऱ्या फिजिओथेरपिस्टची.

मग एकेक अडथळा दूर करण्यात आला. रुग्णाला व त्याच्या घरच्या माणसाला शस्त्रक्रियेआधीच बोलावून सारे समजावून सांगावयाचे. पूर्ण बेशुद्ध करण्याऐवजी शक्य तेथे पाठीच्या कण्यात भूल द्यावयाची. वेदनेवर एकच जबर गुंगीचे औषध न देता दोन-तीन प्रकारची सौम्य औषधे एकत्र द्यावयाची, म्हणजे वेदना आटोक्यात राहते आणि डोकेही जड होत नाही. गरज नसेल तेथे लघवीची नळी व जखमेतील नळी टाळावयाची. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक आम्ल वापरावयाचे. हे स्वस्त औषध जपानमधील उताको ओकामोतो या विदुषीने आपल्या पतीसह शोधले आणि त्याची माहिती १९६२ सालीच प्रसिद्ध झाली होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच दिवशी रुग्णाला आधार देऊन उभे करावयाचे. परिणाम असा झाला की, डेन्मार्कमध्ये २००० साली दहा-अकरा दिवसांचा असलेला सरासरी मुक्काम २००९ पर्यंत चार दिवसांच्या आसपास आला. पुढे तो आणखी घटला. घाईने घरी पाठविल्यामुळे रुग्ण मोठ्या संख्येने परत आले, असेही दिसले नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. डेन्मार्कमध्ये दिवस मोजून कोणाला घरी पाठविले जात नव्हते. त्यासाठी कसोट्या ठरलेल्या होत्या. रुग्ण स्वतः अंथरुणातून उठतो का? खुर्चीवरून व शौचकूपावरून उठू शकतो का? कपडे घालू शकतो का? कुबडी किंवा वॉकर घेऊन चालतो का? तोंडाने घेण्याच्या गोळ्यांवर वेदना सोसवते का? या कसोट्यांना उतरला की तो घरी जाई. नाही उतरला, तर राही.

आता मुक्काम लांबविणारी कारणे पाहू. सातशेहून अधिक रुग्णांचा जो अभ्यास व्हिडोव्रे येथून २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात पुढील गोष्टींचा परिणाम आढळला: वय, स्त्री की पुरुष, वैवाहिक स्थिती, सोबतचे इतर आजार, शस्त्रक्रियेपूर्वी चालताना काठीचा आधार लागत होता की नाही, रक्तातील हिमोग्लोबिन, रक्त चढवावे लागले की नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर किती तासांनी रुग्णाला चालविले. ही यादी सावकाश वाचा. शल्यविशारदाचे कौशल्य अर्थातच महत्त्वाचे. वारंवार ही शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांचे व रुग्णालयांचे निकाल सामान्यतः चांगले असतात. परंतु यादीतील बहुतेक गोष्टी शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर घडलेल्या आहेत. काठीशिवाय चालता येत नाही इतके दिवस रुग्ण का थांबला? पैसे नव्हते म्हणून. हिमोग्लोबिन कमी का? जन्मभर पोटभर व सकस खाल्ले नाही म्हणून. आपल्या देशात या यादीवर वर्गाची मोहर स्पष्ट उमटलेली दिसते.

हिमोग्लोबिनचेच पाहा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सांधा बदलण्याच्या वयाला त्या पोचतात, तेव्हा हा रक्तक्षय आपोआप नाहीसा झालेला नसतो. शस्त्रक्रियेत रक्त जातेच. मुळात कमी असलेले रक्त आणखी कमी झाले की चक्कर येते, बाई उभी राहू शकत नाही, रक्ताची बाटली शोधावी लागते, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि मुक्काम लांबतो. वास्तविक सांधेरोपण ही अपघातासारखी आकस्मिक गोष्ट नव्हे. तारीख आधी ठरलेली असते. सहा-आठ आठवडे आधी रक्त तपासून लोह देणे, मधुमेह आटोक्यात आणणे, एवढे काम कोणतेही प्राथमिक आरोग्य केंद्र करू शकते.

तंबाखूविषयीही तेच. डेन्मार्कमधील १२० रुग्णांवरचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. खुबा किंवा गुडघा बदलण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे ज्यांना धूम्रपान सोडण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी मदत देण्यात आली, त्यांच्यापैकी १८ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांना ही मदत दिली नव्हती, त्यांच्यात हेच प्रमाण ५२ टक्के होते. रुग्णाशी नियमाने बोलत राहणारी एक परिचारिका, एवढाच या उपायाचा मुख्य खर्च होता.

दुसरा गट आहे तो रुग्णालयाच्या व्यवस्थेचा. आठवड्याच्या शेवटी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा मुक्काम लांबतो, असे अनेक देशांत आढळले आहे. कारण उघड आहे. शनिवार-रविवारी फिजिओथेरपिस्ट येत नाही. म्हणजे एक पद भरले नाही, किंवा एका माणसावर दोन वॉर्ड टाकले, तर त्याची किंमत रुग्ण आपल्या स्नायूंनी मोजतो. आपल्या सरकारी रुग्णालयांत पदे रिक्त ठेवून जी बचत दाखविली जाते, ती खाटा अडून राहण्याच्या रूपाने दामदुपटीने वसूल होते, हे अर्थखात्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

इथपर्यंत कोणाचा फारसा मतभेद होणार नाही. खरा प्रश्न पुढेच आहे. रुग्णालयातील दिवस कमी झाले, पण बरे होण्याचे काम कमी झाले का? नाही. गुडघा बदलल्यानंतर एका महिन्याने पाहिले, तर पाय सरळ करणाऱ्या मांडीच्या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी भरते. ती परत मिळविण्यासाठी आठवडेच्या आठवडे नेमाने व्यायाम करावा लागतो. गुडघा नीट वाकू लागणे, जिना चढणे, कामावर परतणे यास तीन महिने व पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागतो. हे काम पूर्वी थोडेबहुत रुग्णालयात होत होते. आता ते रुग्णालयाबाहेर गेले आहे. बाहेर म्हणजे नेमके कोठे, यावर सारे अवलंबून आहे.

डेन्मार्कमध्ये २००७ सालच्या प्रशासकीय पुनर्रचनेनंतर रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाच्या पुनर्वसनाची जबाबदारी नगरपालिकेवर आली. व्यायामाची गरज असलेल्या रुग्णासाठी रुग्णालय आराखडा लिहून देते आणि नगरपालिका तो विनामूल्य अमलात आणते. म्हणजे रुग्णालयाने सोडलेला हात दुसरी सार्वजनिक संस्था धरते. मुक्काम कमी करणे तेथे सुरक्षित ठरले, त्यामागे ही व्यवस्था आहे.

आता अमेरिकेकडे पाहा. वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने १९८३ पासून रुग्णालयांना दिवसागणिक खर्च देणे बंद करून आजारागणिक ठरीव रक्कम देण्यास प्रारंभ केला. रुग्ण जितक्या लवकर बाहेर, तितका रुग्णालयाचा फायदा, असा हिशेब झाला. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांचा एका मोठ्या रुग्णालयातील अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. दुखणे सांधेरोपणाचे नव्हे, पण जवळचे आहे. सरासरी मुक्काम जवळजवळ २२ दिवसांवरून १२–१३ दिवसांवर आला होता. मात्र घरी जाण्यापूर्वी रुग्ण जास्तीत जास्त २७ मीटर चालत, ते आता ११ मीटरच चालू लागले होते. आणि वर्षभरानंतरही वृद्धांच्या शुश्रूषागृहातच अडकून पडलेल्यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेले होते.

दोन्हीकडे दिवस कमी झाले. एकीकडे रुग्ण तयार झाला म्हणून, दुसरीकडे पैसा संपला म्हणून. हिशेबाच्या वहीत दोन्ही आकडे सारखेच दिसतात. म्हणूनच ‘आमच्याकडे सरासरी मुक्काम इतका कमी झाला’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर आपण विचारले पाहिजे: रुग्ण घरी गेला तेव्हा किती चालत होता, आणि तीन महिन्यांनी किती चालतो?

आपल्याकडे काय होते आहे? ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत १ लाख ५८ हजार रुपयांच्या घरात होती. ती कर वगळून ५४,७२० रुपयांवर आणण्यात आली. मधल्या हातांची नफेखोरी ३१३ टक्क्यांपर्यंत जात होती, असे त्या वेळी प्राधिकरणानेच दाखवून दिले. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु ते धातूच्या वस्तूपुरते होते. खोलीभाडे, शल्यविशारदाचे शुल्क, औषधे, आणि घरी गेल्यानंतरचा व्यायाम यांना त्याचा स्पर्श झाला नाही.

२०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या जनआरोग्य योजनेत गुडघारोपणाचा समावेश आहे. तिचा लाभ कोणी नाकारू नये. पण तिची रचना पाहा. रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च त्या योजनेत पंधरा दिवसांपुरता धरलेला आहे. गुडघा बरा होण्यास किमान नव्वद दिवस लागतात. उरलेले पंच्याहत्तर दिवस कोणाच्या माथी?

त्यांतील मजुरीचा प्रश्न प्रथम घेऊ. संघटित क्षेत्रातील जो कामगार राज्य विमा योजनेत येतो, त्याला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. कामगार चळवळीने मिळविलेल्या व टिकविलेल्या हक्काचे मोल येथे कळते. ते ९१ दिवस गुडघा बरा होण्याच्या काळाशी जवळजवळ जुळतात. पण शेतमजूर, घरकामगार यांना हे संरक्षण नाही. घरकाम करणारी बाई तीन आठवड्यांत पुन्हा फरशीवर बसून कपडे धुऊ लागली, तर तिला अडाणी म्हणून दोष देणारे डॉक्टर भेटतात. चौथ्या आठवड्यात तिच्या घरी काय शिजणार होते, हे तिला कोणी विचारलेले नसते.

नंतर घर. नव्या गुडघ्याने उकिडवे बसू नये, मांडी घालून जमिनीवर बसू नये, असे सामान्यतः सांगितले जाते. आपले जेवण, स्वयंपाक, अंथरूण आणि शौच हे सारे जमिनीलगतचे. मुंबईच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला लाकडी जिना चढून गॅलरीच्या टोकाच्या सामाईक शौचालयात जावयाचे असते. वस्तीतील सार्वजनिक शौचालयात टेकावयास बसके भांडे नसते, धरावयास गज नसतो. पंचवीस हजारांचे अत्याधुनिक वेदनाशमन करून या घरात पाठविलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी काय करील? तो कमी खाईल आणि कमी पाणी पिईल. हेही मुक्कामाचे व प्रकृतीचे एक कारण आहे. कोपनहेगनच्या यादीत ते येण्याचे कारण नव्हते.

आणि शेवटी सेवा. रुग्णाला उठविणे, न्हाऊ घालणे, व्यायाम करविणे, जखमेवर लक्ष ठेवणे हे काम घरात कोण करते? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या कालवापर पाहणीत असे दिसले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. याच पाच तासांत सासूच्या किंवा सासऱ्याच्या गुडघ्याची भर पडते. रुग्णालयाने वाचविलेला प्रत्येक दिवस अशा रीतीने एखाद्या सुनेच्या, लेकीच्या, पत्नीच्या खाती मांडला जातो. तिची मजुरी बुडते, ती कोणत्याही पॅकेजमध्ये नसते. आणि त्या घरात शस्त्रक्रिया त्याच स्त्रीची झालेली असेल, तर तिच्याकडे पाहणारे कोणीच नसते. वैवाहिक स्थितीचा मुक्कामावर परिणाम होतो, या कोरड्या निष्कर्षाचा आपल्याकडील अर्थ हा आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सरकारी रुग्णालयांत खाटांची टंचाई असताना रुग्णांना अधिक दिवस ठेवावयाचे काय? मुळीच नाही. जुनी लांबलचक विश्रांती परत आणा, अशी माझी मागणी नाही. लवकर उठणे आणि लवकर घरी जाणे रुग्णाच्या हिताचे आहे. माझे म्हणणे एवढेच की, खाटेवरील वाचलेल्या दिवसांचा पैसा घरातील दिवसांसाठी खर्च झाला पाहिजे. तो रुग्णालयाच्या नफ्यात किंवा सरकारच्या शिलकेत जिरता कामा नये.

तेव्हा आपण काय मागावे? पहिले, प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद असावे, ते भरलेले असावे आणि त्याला रुग्णाच्या घरी जाण्यासाठी प्रवासखर्च मिळावा. दुसरे, शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याबरोबर रक्तक्षय, मधुमेह व तंबाखू यांची तयारी प्राथमिक आरोग्य केंद्रात सक्तीने व विनामूल्य व्हावी. तिसरे, सरकारी योजनेतील पंधरा दिवसांची मर्यादा नव्वद दिवसांवर न्यावी आणि तीत व्यायाम, वॉकर व कमोडची खुर्ची यांचा समावेश करावा. चौथे, असंघटित कामगारांना आजारपणातील भरपाई मिळावी. पाचवे, सार्वजनिक शौचालयांच्या प्रत्येक गटात एक तरी कूप वृद्धांस व अपंगांस वापरता येईल असे असावे. हा सारा भार आशा कार्यकर्तीच्या तुटपुंज्या मानधनावर टाकून मोकळे होण्याचा मोह सरकारला होईल. त्याला आपण विरोध केला पाहिजे. काम द्यावयाचे तर वेतन द्या.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही काही आहे. आपल्या शाखा जेथे आहेत, तेथे वॉकर, कुबड्या व कमोडच्या खुर्च्यांचा साठा ठेवून त्या फिरत्या वापरास देता येतील. शस्त्रक्रिया झालेल्या माणसांची तीन महिन्यांनी भेट घेऊन ती किती चालतात, कामावर परतली का, घरात कोणी रजा किंवा काम सोडले, एवढ्या चार ओळी वहीत लिहिता येतील. पन्नास घरांची अशी नोंद हाती असेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकापुढे आपण नुसती तक्रार घेऊन उभे राहणार नाही.

साथींनो, कृत्रिम सांधा ही विज्ञानाची मोठी देणगी आहे. वेदनेने रात्र रात्र जागणारा माणूस तिच्यामुळे पुन्हा चालतो. पण तो किती चालेल हे धातूइतकेच त्याच्या ताटातील अन्नावर, घरातील जिन्यावर, बुडालेल्या मजुरीवर आणि त्याला हात देणाऱ्या बाईच्या थकव्यावर अवलंबून आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट शल्यविशारद बदलू शकत नाही. त्या बदलण्याचे काम आपले आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या वस्तीतील पहिल्या दहा घरांपासून करता येईल.